सुनंदाने मागितलेलं दार

१९ जानेवारीला गच्चीवर तूर वाळत घालत होते, तेव्हा सोनपेठहून फोन आला. सुनंदा तापानं गेली. माझी मावसबहीण. तेव्हापासून जो भेटतो तो एकच म्हणतो, नवऱ्याची सेवा करून जन्माचं सार्थक केलं. ऐकून कान किटले. तिला सेवेचं कौतुक नको होतं, नवरा हवा होता.

दाजी पत्रे बसवताना पडले आणि छातीखालचं अंग गेलं. आमच्याकडे अशा माणसाची बाज बैठकीत टाकतात. येणाऱ्याजाणाऱ्यानं बसावं, चहा प्यावा, हळहळावं. सुनंदा आत सासूजवळ झोपायची. तिनं बाज आतल्या खोलीत न्यायचं काढलं, तर सासू कडाडली, "पेशंटला कुठं आत कोंडतेत का? लोक काय म्हणतील?"

"लोकायला बसायला ओटा हाय की, आत्याबाई."

परभणीच्या डॉक्टरांना तिनं सरळ विचारलं, आम्ही जवळ आलो तर यांना अपाय होईल का? ते मान खाली घालून म्हणाले, "देवाधर्मात मन रमवा." बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "अक्का, पाय गेलेत, माणूस न्हाई गेला..."

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोघांना समोर बसवलं. आधी लघवी मोकळी करा. उशांचा आधार घेऊन कुशीवर निजा. यांना रुतलेलं कळत नाही, म्हणून नंतर कातडी बघा. लाल डाग असेल तर त्या अंगावर भार नको. डोकं एकदम ठणकलं, घाम सुटला, तर तिथंच थांबा, उठवून बसवा, लगेच दवाखाना गाठा. आणि मूल नको असेल तर साधन वापरा, दिवस राहू शकतात.

दाजी म्हणाले, "ट्रॅक्टर घेताना बी कुणी इतकं समजावलं न्हाई, बाई."

सासूशी पुष्कळ भांडून बाज आत गेली, दाराला आतून कडी लागली. दाजी पुन्हा रोज दाढी करू लागले. सुनंदावर खेकसूही लागले, तेव्हा मला बरं वाटलं.

मागच्या आठवड्यात मी सोनपेठला गेले, तर बाज परत बैठकीत. "आता कडी कुणासाठी?" सासू म्हणाली. भोवती माणसं, दाजींचं तोंड भिंतीकडे. मी पाणी द्यायला वाकले तेव्हा हळूच म्हणाले, "अक्का, मला आत न्या. अजून रडलो न्हाई मी... ह्यायच्यासमोर जमंना."

इतका संताप आला, की त्या दिवशी परत यायचं रद्द केलं. तिथंच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या भावाला एक बाजू धरायला लावली, बाज आत नेली, दार ओढून घेतलं. आलेल्या मंडळींना सांगितलं, चहा घ्या, आज भेट नाही.