राजासमोर गप्प राहिलेला नाइट

सुहास गेल्याचं त्याच्या घरमालकिणीने, मार्गरेटने, फोनवर सांगितलं तेव्हा मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. फोन ठेवला, कॅमेरा बंद केला आणि मीटिंग पूर्ण केली. सात आठवडे झाले, मीटिंग पूर्ण केल्याचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही...

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत सुहास आणि मी एकत्र शिकलो. मी आयटीत शिरून सिडनीत, पॅरामॅटाला आलो. तो तिथेच राहिला, युरोपातल्या मध्ययुगीन दंतकथा शिकवत. नोकरी कंत्राटी होती, कोविडच्या पहिल्याच वर्षी गेली. पुढच्या लॉकडाउनमध्ये शनिवारी दुपारी तो माझ्या आठ वर्षांच्या ईराला व्हिडिओवर गोष्टी सांगायचा. तिचा लाडका होता एक सज्जन नाइट, घोड्यावरून फिरणारा योद्धा. तो एका जखमी राजाच्या किल्ल्यात मुक्कामाला जातो. राजाला धड बसवतही नाही, हे त्याला दिसतं. पण फार प्रश्न विचारू नयेत असं शिकवलेलं, म्हणून तो गप्प राहतो. ‘तुम्हाला काय होतंय?’ एवढं विचारलं असतं, तर राजा बरा झाला असता.

“दॅट्स सो सिली,” ईरा म्हणाली.

“सिली नाही गं. चांगलाच होता तो. चांगलं वागायच्या नादात राहून गेलं,” सुहास म्हणाला.

दर शनिवारी तो आणखी वाळलेला दिसायचा. कॉलर मानेभोवती सैल पडली होती, बोलता बोलता दम खायला थांबायचा. ईराने एकदा सरळ विचारलं, “काका, आर यू सिक?” मी मागून पटकन म्हणालो, “ईरा, असं विचारू नये.” तो नुसता हसला... गोष्ट पुढे सुरू झाली. विचारलं तर तो खरं सांगेल आणि मग आपल्याला काहीतरी करावं लागेल, याची मला भीती होती. तेव्हा प्रवासाला बंदी होती, त्याचं मला बरंच वाटलं.

निर्बंध उठल्यावर ट्रेनने त्याच्या घरी गेलो. सत्तरीच्या मार्गरेटने चहा केला. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, म्हणाली.

“तुम्हाला कधी कळलं?”

“बारीक दिसायला लागला, तेव्हा मी विचारलं. त्याने सांगितलं.”

त्याने सांगितल्यापासून रोज सकाळी ती त्याच्यासाठी पातळ खीर करायची आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहायची. त्याची खुर्ची अजून खिडकीकडे तोंड करून होती. मार्गरेटने मला त्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मी चहा उभ्यानेच संपवला.