समोरच्या खिडकीतला आरसा

घरोघरी खिडक्यांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावणाऱ्या त्या माणसाला सगळे फुगेवाला म्हणत. जन्मात त्याने एक फुगा विकला नव्हता. पण काच आणि फिल्म यांच्यामध्ये हवेचा एवढासा फुगा राहिला, तरी हा गडी रबरी पट्टी घेऊन हात धुऊन त्याच्या मागे लागे. गिऱ्हाईक बिचारं "राहू द्या हो, दिसतही नाही" म्हणून गयावया करी, तरी याचं आपलं चालूच. त्यावरून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते मात्र असं चिकटलं की सुटायचं नाव नाही.

काम तेच ते. साबणाचं पाणी मारा, पात्याने काच खरवडा, फिल्मचा मागचा पापुद्रा सोला, पुन्हा पाणी मारा, मग वरून खाली पट्टी ओढत चला. हात सदान्‌कदा डोक्याच्या वर. इतकी वर्षं हे केल्यावर उजव्या खांद्याने असहकार पुकारला होता. जेवताना घासही त्याची मनधरणी करून उचलावा लागे. वर प्रत्येक घरी तोच पाढा वाचायचा. "दिवसा तुम्हाला बाहेरचं सगळं दिसेल, बाहेरच्याला आतलं काही दिसणार नाही. त्याला नुसता आरसा. रात्री दिवा लावलात की उलटं होतं, तेव्हा पडदा ओढून घ्या." लोक खूश होत. समोरचं कुणीतरी टकामका बघत असतं, ही प्रत्येकाची तक्रार असायचीच. फुगेवाल्याला त्या गिऱ्हाइकांची कीव येत नसे आणि त्या बघणाऱ्यांचीही नाही. तो दमला होता, एवढंच.

घरी बायको अंथरुणाला खिळलेली. एकेकाळी ही बाई बोलायला लागली की समोरच्याला जांभई द्यायची सवड मिळत नसे. झटका आला, उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. दोन-चार शब्द फुटत, तेही मोठ्या कष्टाने. पोटी मूलबाळ नाही. फुगेवाला कामावर गेला की दिवसभर ती आणि पलंगाशेजारची खिडकी.

पण त्या खिडकीत इस्त्रीवाली होती. गल्ली अरुंद; पलीकडच्या माडीवर, बरोबर समोर, तिचं टेबल. बाई नाकावर राग घेऊनच जन्मलेली, पण मनाने चांगली. एखादी तंबूएवढी पँट हाती आली की ती दोन्ही हातांनी ताणून समोर दाखवायची आणि गाल फुगवायची. एखाद्या ऐटबाज साहेबाच्या सदऱ्याला काखेत भोक सापडलं, की त्यातून बोट काढून हलवायची. इकडे बायकोचा अर्धा चेहरा हसायचा. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली की ती डावा हात उंच करी, आणि इस्त्रीवाली हातातलं काम टाकून रस्ता ओलांडून येई. घराची एक किल्ली तिच्याकडेच असे. त्या किल्लीच्या भरवशावर फुगेवाला बाहेर पडू शकत होता.

उन्हाळा तापला तसं दुपारचं ऊन थेट अंथरुणावर येऊ लागलं. संध्याकाळी तो परते तेव्हा बायको घामाने निथळत असे. गावभरच्या खोल्या गार करत हिंडायचं आणि आपल्या घरी बायको भाजून काढायची, याची त्याला लाज वाटली. सुट्टीच्या दिवशी त्याने उरलेल्या गुंडाळीतली चांगली फिल्म काढली आणि जीव ओतून खिडकीला लावली. एक फुगा राहू दिला नाही. काम संपलं तेव्हा खांदा इतका ठणकत होता की तो तिथेच फरशीवर बसला, आणि उठायला पलंगाचा आधार घ्यावा लागला.

"बरं वाटतंय ना गं?"

बायको त्याच्या खांद्याकडे बघत राहिली. मग तिने मान डोलावली.

खोली खरोखरच गार झाली. पण बायको जेवेनाशी झाली, भिंतीकडे तोंड करून पडू लागली. संध्याकाळी येऊन बघावं तर अंथरूण ओलं, ओठ सुकलेले. दुखणं वाढलं, असं त्याने धरलं. तो चादर बदलायचा, धुवायचा आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचा.

एका संध्याकाळी इस्त्रीवाली जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. तिने किल्ली पुढे धरली.

"ही घ्या तुमची अमानत."

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय? खिडकीला आरसे लावलेत. आमचं बघणं नकोसं झालं, समजलं आम्हाला. तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं, दादा. वेड्यासारखी रोज कपडे दाखवत बसले. समोर कोण, तर माझंच थोबाड!"

किल्ली त्याच्या हातात कोंबून ती तरातरा निघून गेली. ज्याला त्याला ऐकवलेलं ते वाक्य, बाहेरच्याला आतलं काही दिसणार नाही, फुगेवाल्याला आपल्याच जिन्यात आठवलं. बायको हात उंच करत राहिली असेल. समोर ती बाई हिला स्वच्छ दिसत असेल.

तो वर आला आणि पलंगाच्या कडेवर बसला.

"अगं, मला सांगितलं का नाहीस?"

बायकोने डावा हात उचलून त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवला. बराच वेळ तिचे ओठ नुसतेच हलले.

"तुम्ही... दमलेले."

त्याला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही.

सकाळी तो कामावर गेला नाही. वरच्या काचेची फिल्म तशीच ठेवून, खालची, तिच्या तोंडासमोरची, काढायला बसला. गरम हवेचं यंत्र फिरवून ती सैल करायची, चिंध्या ओढायच्या, उरलेला गोंद पात्याने खरवडायचा. आपलंच इतकं घट्ट काम, सुटता सुटेना. खांद्याने शिव्या घातल्या त्या त्याने ऐकून घेतल्या. ऊन आता पुन्हा आत येणार होतं. दुपारपुरता पलंग मागे सरकवाल का, असं इस्त्रीवालीलाच विचारावं लागणार होतं.

काच मोकळी झाली. बायकोने हात उंच केला.

समोर इस्त्रीवालीने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. एक सदरा सावकाश संपवला. कॉलर दोनदा दाबली. मग कमरेवर हात ठेवून ती ओरडली, "किल्ली टाका!"

फुगेवाल्याने खिडकी उघडून किल्ली फेकली. खांद्याने ऐन वेळी दगा दिला आणि ती खाली रस्त्यावर पडली.

"राहू द्या," ती म्हणाली. इस्त्री उभी करून ठेवत होती. "मीच येते. ताई, पाणी हवंय ना?"