ब्रेकची ट्रायल

माझी बायको डावखुरी आहे. लग्नाच्या पंगतीत तिला माझ्या उजव्या बाजूला बसवलं होतं आणि पहिला घास तोंडाशी नेतानाच आमची कोपरं एकमेकांवर आपटली. वरण माझ्या नव्या सदऱ्यावर सांडलं. बाकीचे हसले, मी चिडलो, आणि ती मान खाली घालून, पण कोपर जराही मागे न घेता जेवत राहिली. पुढे काय वाढून ठेवलं आहे ते मला तेव्हाच समजायला हवं होतं.

ती भातकुलीच्या शाळेत शिक्षिका होती. फळ्यावर डाव्या हाताने लिहायची, भाजी डाव्या हाताने चिरते, आणि खंजिरीवर थाप मारते तीही डाव्याच हाताने. अमरावतीत आमच्या वस्तीतल्या विहारात बायकांचा गाण्याचा गट आहे. दर रविवारी वंदना झाली की त्या गाण्यांचा सराव करतात. चौदा एप्रिल जवळ आला की रविवार पुरत नाहीत, रोजच बसतात. हार्मोनियमवाली बदलली, ढोलकीवाली मुंबईला मुलाकडे गेली, पण खंजिरी कायम हिच्याकडे.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी गाणं मध्यावर असताना खंजिरी थांबली. बायकांना वाटलं, शब्द विसरली असेल. पाहतात तर ती भिंतीला टेकून घसरत खाली चालली होती. जवळच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिची शुद्ध येत-जात होती. हृदयाचे ठोके बेफाम झाले होते. तिथल्या डॉक्टरांनी बाहेरून शॉक देऊन ते ताळ्यावर आणले. मी पोहोचलो तेव्हा ती कॉटवर पडून नर्सला विचारत होती, "माही खंजिरी कोनाजवळ हाय?"

तिचं माहेर बार्शीटाकळीचं, भाऊ अकोल्यात राहतो. त्याच्या ओळखीने अकोल्याच्या एका हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. शांत माणूस, इतका शांत की मला त्याचा राग यायचा. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. खांद्याच्या खाली, कातडीच्या आत एक छोटी डबी बसवायची. तिच्यातून निघालेली वायर शिरेतून हृदयात जाईल. ठोके पुन्हा भरकटले तर डबी आतूनच झटका देईल. माणूस बाजारात असो की झोपेत, डॉक्टर शोधत बसायला नको.

"सहसा आम्ही डाव्या बाजूला बसवतो," डॉक्टर म्हणाले.

ही ताडकन उठून बसली. "डावीकडं नाई जमत. तो हात खंजिरीचा हाय."

मी डोक्याला हात लावला. जिवाशी गाठ आणि हिला खंजिरी सुचते! पण डॉक्टरांनी हसून खंजिरी म्हणजे नेमकी कशी वाजवतात ते विचारलं, हिने हवेत वाजवून दाखवलं, आणि डबी उजवीकडे बसवायचं ठरलं.

ऑपरेशन नीट झालं. शेवटी एक चाचणी करायची होती, पण ऐन वेळी हिचं बीपी उतरलं म्हणून ती राहून गेली. डॉक्टर म्हणाले, तब्येत सावरली की या, तेव्हा करू. मी विचारलं, चाचणी म्हणजे काय? रक्त वगैरे काढायचं असेल, असा माझा समज.

ते म्हणाले, "काकूंना झोपेचं इंजेक्शन द्यायचं. मग मुद्दाम हृदयाचे ठोके बिघडवायचे. मशीन ते ओळखतं का आणि एका झटक्यात जागेवर आणतं का, ते पाहायचं. डावीकडे बसवलेल्या बहुतेकांची आजकाल ही चाचणी आम्ही करत नाही. उजवीकडून झटका हृदयाच्या थोडा बाजूने जाण्याची शक्यता असते, म्हणून एकदा पाहिलेलं बरं."

"आणि नाही आणलं जागेवर तर?"

"बाहेरचं मोठं मशीन तयार असतं. धोका कमी आहे काका. अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, जबरदस्ती नाही."

मी तिथल्या तिथे नको म्हणालो. बिघडलेलं हृदय एकदा कसंबसं ठिकाणावर आलं, ते आपल्या हाताने पुन्हा बिघडवायचं?  

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी एसटीच्या डेपोत ब्रेकचा मेकॅनिक होतो. नोकरीभर लाल गाड्यांखाली पडून राहिलो. ब्रेकचे लायनर बदलले, हवा भरून पाहिली, पॅडल दाबून पाहिलं, तरी गाडी तशीच सोडायची नाही. बडनेरा रोडला काढायची, चांगला वेग घ्यायचा आणि कचकन ब्रेक दाबायचा. आमच्या डेपोत एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण मोडायची कोणाची हिंमत नव्हती. गाडी सोडायला जो हो म्हणणार, त्याने ट्रायलला स्वतः बसायचं, तेही पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. परत आल्यावर खाली उतरून पत्र्यावर दोन थापा मारायच्या. थापा पडल्या की गाडी सुटली. हे सगळं मी बायकोला इतक्या वेळा ऐकवलं आहे की ती स्वतः ब्रेक भरू शकेल.

अकोल्याहून परत आलो आणि माझं पहाऱ्याचं काम सुरू झालं. ती न्हाणीघरात गेली की मी दाराबाहेर उभा. जरा शांतता झाली की खोकायचो. आतून आवाज यायचा, "हाय, हाय, जित्ती हाय!" ती दळणाला निघाली की डबा माझ्या हातात. टेरेसवर कपडे वाळत घालायला गेली की मी खालच्या पायरीवर. विहारात तर मी बायकांच्या गटात जाऊन बसू लागलो. एकदा हार्मोनियमवालीने सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊजी, रोज येऊनच राहिले तं कोरसमदी तरी म्हना." सगळ्या फिदीफिदी हसल्या. ही हसली नाही. खंजिरी मांडीवर ठेवून तशीच बसली. त्या दिवसापासून तिने वाजवणंच सोडलं. नुसत्या टाळ्या वाजवायची, त्याही हळू.

शेजारच्या वहिनींनी एकदा दबकत विचारलं, "बाई, तुमाले हात लावला तं करंट नाई ना लागत?"

"लाव ना, पाह्य," म्हणून हिने हात पुढे केला, तर वहिनी दोन पावलं मागे. नंतर दोघी हसत सुटल्या. मी हसलो नाही. मला त्या डबीची चेष्टा खपत नव्हती आणि त्या डबीवर माझा विश्वासही नव्हता. न चालवलेल्या गाडीवर मी कधी विश्वास ठेवला नाही.

नेमकं हेच तिने पकडलं. मार्च लागला होता. जेवताना ती सरळ म्हणाली, "सोमवारी अकोल्याले जाऊ. ती टेस्ट करून घेऊ."

"काही गरज नाई. डागदरच म्हनाले, नको तं नको."

"जलमभर मले ट्रायल-ट्रायल सांगतलं तुमी. आता माह्या टायमाले काहून मागं सरून राहिले?"

"ते लोखंड होतं! तू का लोखंड हायेस?"

"मंग तं जास्तच पाहाले पायजे," ती म्हणाली आणि माझ्या ताटात दुसरी भाकर टाकली. मी ती न खाता उठलो. तिने ती गाईला घातली, मला परत विचारलं नाही.

सोमवारी आम्ही बसने निघालो. मूर्तिजापूरपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. ड्रायव्हर ब्रेक दाबी तेव्हा मागच्या डाव्या चाकातून करकर आवाज येत होता आणि मी त्याच्यावर मनातल्या मनात डाफरत होतो. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. एकदा तिने न पाहताच पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मी खाल्लं. भांडण आपल्या जागी, संत्रं आपल्या जागी.

दवाखान्यात तिला हिरवा गाऊन घातला. छातीवर आणि पाठीवर मोठे चिकट पॅड लावले, ते बाहेरच्या मशीनचे. सगळं झाल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "हे सोबत बसतीन."

"नाही काकू, आत कोणाला घेत नाही."

"मंग मी बी नाई. यायच्या डेपोत तशी रीत हाय. इचारा यायले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला, एवढ्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे, डेपोतली ट्रायलची रीत सांगावी लागली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. शांत माणसांचा हा एक फायदा असतो. शेवटी म्हणाले, "काचेच्या अलीकडे खुर्ची देतो. उठायचं नाही, बोलायचं नाही."

काचेपलीकडे ती लहान दिसत होती. मशीन तपासणारी एक तरुण मुलगी माझ्या शेजारीच पडद्यापुढे बसली होती. पलीकडे इंजेक्शन दिलं गेलं. हिने काचेकडे मान वळवली, मी दिसलो की नाही कोण जाणे, आणि डोळे मिटले. पडद्यावर तिच्या ठोक्यांची रेघ चालली होती, एका चालीत, वर आणि खाली. डॉक्टरांनी हात वर केला. त्या मुलीने एक बटण दाबलं.

रेघ विस्कटली. लहान पोराने रागाने पेन्सिल गरगर फिरवावी तशी झाली. त्या रेघेत माझी बायको कुठेच नव्हती. मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो. हिच्याशिवाय मला एक दिवस काढता येणार नाही, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. आमच्याकडे असलं कोणी बोलत नाही. त्या काचेमागे बसून ते मला लख्ख कळलं, आणि ते सांगायला ती जागी नव्हती.

मग तिचं अंग एकदम उसळलं. डावा हात टेबलावरून वर उडाला आणि परत पडला. रेघ क्षणभर सपाट झाली. नंतर एक ठोका उमटला. त्याच्यामागे दुसरा. मग तीच जुनी चाल.

"पहिल्याच झटक्यात आलं, काका," ती मुलगी म्हणाली. मी अजून खुर्चीचे हात सोडले नव्हते. तिने पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

तासाभराने वॉर्डात हिने डोळे उघडले. जीभ अजून जड होती.

"लागला का ब्रेक?"

"लागला."

"कचकन?"

"कचकन," मी म्हणालो आणि तिच्या पायावरची चादर विनाकारण सारखी करत बसलो.

घरी आल्यानंतरच्या रविवारी ती संध्याकाळी तयार झाली. पांढरी साडी नेसली आणि कपाटावरची खंजिरी उतरवून पुसली. मीही सवयीने चपला पायात घातल्या.

"तुमी कुठं?" तिने विचारलं.

"विहारात. तुह्यासोबत."

ती दारात थांबली. रागावली नव्हती. मुलांना गणित समजत नसलं की शाळेत ती ज्या आवाजात पुन्हा सांगायची, त्या आवाजात म्हणाली, "अवो, मी तं झोपेत होती. मशीन लागलं का नाई, मले काय दिसनार होतं? ते पाहाचं तुमाले होतं. ट्रायल पाहिल्याबिगर तुमी गाडी सोडत नाई, मले मालूम नाई का? म्हनून केली टेस्ट. आता तरी सोडा."

इतके दिवस मला वाटत होतं, चाचणीचा हट्ट ही खंजिरीसाठी करते आहे. तिने आपलं हृदय बिघडवून घेतलं होतं ते माझी भीती जावी म्हणून.  मी चपला काढल्या.

ती अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेली. मी अनवाणीच मागे गेलो, फाटक लावलं आणि त्याच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. ती गल्लीच्या तोंडाशी पोहोचली होती. मागे न पाहता तिने डाव्या हाताने खंजिरीवर एक थाप दिली आणि वळून दिसेनाशी झाली.

मी आत येऊन मेथी निवडायला घेतली. ती परत येईपर्यंत फाटकाशी गेलो नाही. एकदाच गेलो.