खुब्यातला खिळा

आई या चैत्रात गेली. समाचाराला येणाऱ्यांत मी उगाच एका परक्या खलाशाला शोधत असतो.

काही वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, मुंबईला आता हाडात पोलादी खिळा ठोकून माणूस उभा करतात. आई ऐकेना. असा खिळा बसवून आलेला एक मुसलमान खलाशी मला रत्नागिरीच्या बंदरावर भेटला. त्याला मी घरी आणलं. प्रत्येक पायरी चढताना तो आपल्याच मांडीवर थाप मारी, अडलेल्या बैलाला मारावी तशी.

"आई अंथरुणाला खिळलीय," मी म्हणालो.

"खिळ्याशिवाय? मी तर खिळा मारला तेव्हा सुटलो!"

"मी काय गलबत आहे, खिळे ठोकायला?" आई बिछान्यावरून ओरडली.

"गलबताला ढिगानं लागतात, काकी. तुम्हाला एकच."

"आणि सरणावर त्याचं काय होईल?"

"काय व्हायचंय? तुम्ही जळाल, तो उरेल. " त्यानं माझ्याकडे हात केला. "तुमचा हा झील त्यावर छत्री टांगील."

मी धसकून आईकडे पाहिलं. पडल्यापासून ती हसली नव्हती. आता इतकी हसली की खुब्यातून कळ गेली, आणि कळवळत, त्याला शिव्या घालत ती माझ्यावर खेकसली, "मेल्या, बघतोस काय? मुंबईची बोट कधी आहे?"