ढिम्म ज्वालामुखी

काकांची उभी हयात करवसुलीच्या कचेरीत गेली, आणि तिथे 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. एखादी गोष्ट खरोखरच माहीत नसली, की ते "नियम तपासावा लागेल" म्हणत आणि समोरच्याला पुढच्या आठवड्यात बोलवत. निवृत्तीनंतर बोलवायला कोणी उरलं नाही. घरात एकट्या काकू, आणि त्यांच्यावर हे नियम चालत नसत.

तेव्हा काकांनी इमारतीतल्या मुलांना विज्ञान शिकवायचं ठरवलं. साहित्य घरचंच, म्हणजे काकूंचं.

पहिल्या शनिवारी मुलं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जमली. जांभळ्या कोबीच्या पाण्यात लिंबू पिळलं की ते गुलाबी होतं, एवढंच दाखवायचं होतं. पण काकांनी 'आम्ल म्हणजे काय' इथून जी सुरुवात केली, ती काही केल्या लिंबापर्यंत पोचेना. शेवटी एका चिमुरडीने विचारलं, "काका, मी पिळू?"

"आधी तत्त्व समजून घे."

तिने तत्त्व समजून न घेताच पिळलं. पाणी गुलाबी झालं. मुलं खूश, काका नाराज.

मग काकांनी स्वयंपाकघराला शिस्त लावायला घेतली. डब्याडब्यावर चिठ्ठ्या चिकटल्या. मीठ सोडियम क्लोराइड झालं, खायचा सोडा सोडियम बायकार्बोनेट.

"चहात काय घालायचं ते तेवढं लिहून द्या," काकू म्हणाल्या. पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हापासून काकूंनीही चिठ्ठीकडे न बघता, रिकामा दिसेल त्या डब्यात हाताला येईल ते भरायला सुरुवात केली.

वर्गाचा बोलबाला झाला. मुलं काय शिकतात हे कोणी विचारलं नाही, पण प्रमाणपत्र मिळणार का, हे सगळ्या आईबापांनी विचारलं. इमारतीच्या अध्यक्षांनी तर सभागृहात जाहीर प्रात्यक्षिकच ठेवलं.

मोठ्या ट्रेमध्ये कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्याच्या माथ्यावर बसवलेला वाडगा. वाडग्यात सोडा, त्यावर व्हिनेगर, की फेस उसळून डोंगरावरून खाली येणार. अध्यक्षांनी जिज्ञासेचं महत्त्व एवढं सविस्तर सांगितलं, की पुढच्या रांगेतली दोन मुलं झोपी गेली.

"मागे सरका, धोका आहे," काकांनी बजावलं आणि व्हिनेगर ओतलं.

ज्वालामुखी ढिम्म हलला नाही.

काकूंच्या लक्षात आलं. सोडा संपल्यावर त्या डब्यात त्यांनीच परवा कॉर्नफ्लोअर भरलं होतं. त्या बोलायला उठल्या, पण चिठ्ठ्यांची आठवण झाली आणि खाली बसल्या.

"नमुना दमट असावा," म्हणत काकांनी अख्खा डबा वाडग्यात रिकामा केला. अध्यक्ष मदतीला धावले आणि चमच्याने ढवळू लागले. चमचा रुतला. जोर लावला तसा आणखीच घट्ट बसला. त्यांनी चिडून मूठ हाणली, तर दगडावर हाणल्यासारखी लागली. हात सैल सोडला, तशी बोटं हळूहळू आत बुडाली. झोपलेली मुलंसुद्धा उठून धावत आली.

"काका, हे घट्ट आहे की पातळ?" त्याच चिमुरडीने विचारलं.

"नियम..." काका म्हणाले आणि थांबले. त्यांनी वाडग्यात मूठ मारली. मग बोटं अलगद आत सोडली. पुन्हा मूठ मारली. कपाळ पुसताना कपाळही पांढरं झालं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

काकूंनी एवढ्या संसारात हे पहिल्यांदाच ऐकलं. तब्येत बिघडली असं समजून त्या पाण्याचा पेला घेऊन निघाल्या. पण काका ट्रे घेऊन जमिनीवर मांडी घालून बसले होते. मुलं त्यांच्या खांद्यावरून वाकली होती आणि अध्यक्षांना कोणी जागा देत नव्हतं.

समितीने दुसऱ्याच दिवशी फलकावर सूचना लावली: यापुढे प्रयोगाचा निष्कर्ष प्रयोगाआधी लेखी कळवावा. काकांनी ती दोनदा वाचली. कचेरीत असताना अशीच एखादी त्यांनी स्वतःही काढली असती.

पुढच्या शनिवारी त्यांनी व्हिनेगरच्या पेल्यात एक अख्खं अंडं ठेवलं.

"याचं काय होणार?" मुलांनी विचारलं.

"उद्या येऊन बघा," काका म्हणाले, आणि काकूंना म्हणाले, "तुला काय वाटतं गं?"

काकूंनी गॅस बारीक केला आणि खुर्ची ओढली.