उत्तरांची पानं नसलेलं पुस्तक

रावपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात दुकानदारानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "साहेब, जूनी चोपडी छे, जोई लेजो." मी चष्मा खिशातच ठेवून रुबाबात म्हणालो, "जोयुं, जोयुं." पाहिलं काहीच नव्हतं. मुखपृष्ठ जाड होतं, आत इंग्रजी होतं, एवढ्यावर माझी खात्री पटली.

घरी येऊन पुस्तकाला खाकी कव्हर घालायला बसलो तेव्हा कळलं, की शेवटचा प्रश्न संपतो तिथेच पुस्तकही संपतं. उत्तरांची पानं कुणीतरी ब्लेडनं कापून नेली होती. काम इतकं सफाईदार, की शिवणसुद्धा हललेली नव्हती.

स्कूटर काढून परत जाता आलं असतं. पण एकदा नव्हे, दोनदा "जोयुं" म्हणून आलेला माणूस कुठल्या तोंडानं परत जाणार? मी पुस्तक उलटंसुलटं करत असताना मुलगी बाहेर आली.

"बाबा, यात उत्तरं कुठायत?"

"मी काढून ठेवलीत," मी म्हणालो. "तू मागे डोकावशील म्हणून."

हे वाक्य मला कसं सुचलं, मला आजही माहीत नाही. ऑफिसात तीस वर्षं काढली की अशी वाक्यं आपोआप येतात. ती हसली. "बाबा, मी काय पाचवीत आहे का?" म्हणाली आणि पुस्तक घेऊन आत गेली.

मुलगी पंचवीस वर्षांची. रसायनशास्त्र शिकलेली. पादरा गावाकडच्या एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी. सकाळी कंपनीची बस घेऊन जायची, संध्याकाळी आणून सोडायची, आणि मधल्या वेळात ती एकाच प्रकारच्या गोळ्या एकाच प्रकारे विरघळतात की नाही ते पाहायची. "बाबा, मी आयुष्यभर गोळ्या विरघळताना बघू का?" असं तिनं एकदा जेवताना विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "कुणीतरी बघायला हवं ना." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

तिला व्यवस्थापनाच्या कॉलेजात जायचं होतं. त्याच्या प्रवेश परीक्षेत आदल्या वर्षी गणितात आणि तर्कात तिला उत्तम गुण होते. इंग्रजीत थोडक्यात गेली. प्रत्येक विभागात किमान गुण लागतात. एका विभागात पडलात की बाकीच्यांना कुणी विचारत नाही. आता ती दुसऱ्यांदा बसणार होती आणि तिसऱ्यांदा बसायचं नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. "क्लासमध्ये चौथ्या-पाचव्या वेळी बसणाऱ्या मुली आहेत," ती म्हणाली होती. "त्या आता फक्त परीक्षाच देतात. मला तसं व्हायचं नाहीये."

म्हणजे सगळं इंग्रजीवर होतं. आणि आमच्या घरात इंग्रजी माझ्याकडे. बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मुलीचं गणित तिच्याकडून आलं, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणतो. माझे वडील सरकारी कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे करायचे, त्यांचे वडील संस्थानी कारभारात तेच करायचे, आणि मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात तेच करतो. सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत कुणाचाही पासपोर्ट अडला, विम्याचा कागद परत आला, की दारात येऊन उभे राहतात, "काका, जरा अंग्रेजी जोई आपजो ने." आणि काका जोई आपतात, म्हणजे तपासून देतात. त्या इंग्रजीनं कुणाचं काम झालं की नाही, याची चौकशी मी कधी केली नाही.

तर उत्तरं मीच तयार केली. लांब वही घेतली आणि आठवडाभर ऑफिसात डबा खाऊन झाल्यावर बसून प्रश्न सोडवले. वाक्यं मोठी विचित्र असायची. कुठल्याशा बेटावरच्या मातीच्या भांड्यांबद्दल एक, देवमाशांच्या प्रवासाबद्दल दुसरं. वाक्याचा एक तुकडा अधोरेखित, खाली पाच पर्याय. पहिला पर्याय म्हणजे मूळ तुकडा जसाच्या तसा; म्हणजे यात चूक नाही, हात लावू नका. पुढचे चार सुधारलेले. त्यातला बरोबर कोणता ते ओळखायचं.

आता आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. खालून मसुदा आला की तो जसाच्या तसा परत पाठवायचा नाही. कधीही नाही. तसाच पाठवला तर वरचा समजतो की तुम्ही वाचलाच नाही, आणि खालचा समजतो की तुम्हाला वाचता येत नाही. माझे पहिले साहेब कागद हातात घेण्याआधीच लाल पेनाचं टोपण काढायचे. मी साहेब झाल्यावर मीही काढू लागलो. माझ्या हाताखालची मंडळी मसुद्यात मुद्दाम एखादी ढोबळ चूक ठेवून आणायची, म्हणजे माझं पेन तिथे शांत होईल आणि बाकीचं पत्र वाचेल. हे मला एकाच्या निरोपसमारंभात भाषणातून कळलं. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो.

या हाताखालून ती तीनशे वाक्यं गेली. पहिला पर्याय मी एकदाही निवडला नाही. सुधारायला दिलेलं वाक्य न सुधारता कसं सोडायचं? आणि उरलेल्या चारांत दोन सारखेच वाटले, तर जो जास्त लांब, जास्त अदबीचा, तो घेतला. आमच्याकडे लांब पत्राला मान असतो.

मग आमची शिकवणी सुरू झाली. आठवड्यातून दोनदा, ती बसमधून उतरून आली, चहा झाला, की जेवणाच्या टेबलावर तासभर. एका टोकाला बायको शाळेच्या वह्या तपासत असायची. मुलगी वीस वाक्यं सोडवायची, मी वही मांडीवर झाकून ठेवून लाल पेनानं तपासायचो.

पहिल्या दिवशी विसात नऊ.

"नऊ?" ती म्हणाली. "बाबा, नीट बघा. हे सातवं कसं चूक? यात काहीच बदलायला नकोय."

"तुला तसं वाटतं. परीक्षा घेणारा वेडा आहे का, बरोबर वाक्य सुधारायला द्यायला?"

"पण मग पहिला पर्याय देतात कशाला?"

"आळशी मुलांना पकडायला."

तिनं वाक्य पुन्हा वाचलं. ओठ हलवत वाचायची लहानपणापासूनची सवय. "मला तर बरोबर वाटतंय," ती म्हणाली. आणि मग, "असेल. पुस्तकात दिलंय म्हणजे असेल."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायकोनं मान वर केली होती आणि तिच्या चेहऱ्यावर, क्वचितच दिसतं असं, माझ्याबद्दल कौतुक होतं.

मुलगी हुशार आहे. तिनं एक छोटी वही केली आणि चुकलेल्या प्रत्येक वाक्यापुढे ते का चुकलं याचं कारण शोधून लिहू लागली. माझ्या उत्तरांना कारणं शोधत बसायची ती! सापडायचीसुद्धा. तिसऱ्या आठवड्यात ती उड्या मारत आली. "बाबा, पॅटर्न सापडला! पहिला पर्याय नसतोच. आणि दोघांत अडलं की मोठा घ्यायचा. आज बघा तुम्ही."

त्या दिवशी विसात अठरा आले.

मी तिची पाठ थोपटली. खरंच सांगतो, मला अभिमान वाटला. बायकोनं शिरा केला. एक शिक्षक म्हणून माझी कारकीर्द तिथे कळसाला पोहोचली. पुस्तकात शिकण्यासारखं जे होतं ते बाजूला ठेवून त्या मुलीनं तिचा बाप शिकून घेतला होता, आणि बापाला ते कळलं नव्हतं.

परीक्षेला तीन आठवडे असताना तिनं क्लासची सराव परीक्षा दिली. इंग्रजीत आदल्या वर्षीपेक्षाही कमी. ती म्हणाली, "हे क्लासवाले मुद्दाम वाकडं देतात. घाबरवायला." मी ताबडतोब म्हणालो, "हा, धंदा आहे त्यांचा." दुसऱ्या सरावातही तेच झालं. या वेळी तिनं क्लासवाल्यांना नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक आणि ती लांब वही ऑफिसात नेली. आमच्याकडे मनुष्यबळ विभागात एक नवी बाई आली आहे, तीच परीक्षा देऊन शिकलेली. जेवणाच्या सुट्टीत तिच्यापुढे दहा वाक्यं ठेवली. ती डाव्या हातानं भाखरी खात खात उजव्या हातानं खुणा करत गेली, गवारीच्या शेंगा निवडाव्यात तशी. चार मिनिटं. त्यातल्या तीन वाक्यांवर तिनं पहिला पर्याय घेतला.

"इसमें कोई मिस्टेक ही नहीं है, सर. ऐसे हमेशा दो-चार रखते हैं."

मग तिनं शेजारच्या वहीतली माझी उत्तरं पाहिली. "ये किसने सॉल्व किया है?"

"है एक. पहचान के हैं."

"उनको बोलिए एग्ज़ाम न दें," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. हसण्याची मला चांगलीच सवय झाली होती.

परीक्षेला अकरा दिवस होते. त्यातले सहा मी विचार करण्यात घालवले. सांगितलं तर तिचा धीर खचेल. न सांगावं तर... ते वाक्य मी पूर्ण करत नसे. सातव्या दिवशी टेबलावर बसून मी मोठं धाडस केलं. म्हणालो, "हे बघ, कधीकधी पहिला पर्यायही बरोबर असू शकतो हं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "बाबा, प्लीज. आता शेवटी काही बदलू नका. दोन महिने मी हेच केलंय."

"तसं नव्हे, मी म्हणत होतो..."

"तीनशे प्रश्नांत एकदाही आला नाही पहिला. एकदाही! आता कुठून येणार?"

बायको म्हणाली, "अहो, कशाला घोळ घालताय? झोपू दे तिला वेळेवर." आणि मी, घोळ न घालणारा समंजस माणूस, उठून पाणी प्यायला गेलो.

निकाल लागला. गणितात आणि तर्कात ती आदल्या वर्षीच्याही वर होती. इंग्रजीत किमान गुणांच्या बरीच खाली. तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "झालं. मला इंग्रजी येतच नाही, दुसरं काय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही किती बसलात हो बाबा माझ्यासाठी."

तो हात मला सहन झाला नाही. तरी त्या दिवशीही मी बोललो नाही. बोललो दुसऱ्या दिवशी सकाळी. रोजच्यासारखा तिला स्कूटरवरून बसपर्यंत सोडायला गेलो होतो, बस यायची होती, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याच्या दुकानाशी आम्ही उभे होतो. मी सगळं सांगितलं. कापलेली पानं, लांब वही, ऑफिसातली बाई. ती पिशवीचा पट्टा धरून ऐकत होती.

"म्हणजे पुस्तकातली उत्तरं नव्हती?"

"नव्हती."

"तुमची होती."

"माझी होती."

"म्हणजे पहिल्या दिवशी, ते सातवं..."

"ते बरोबर होतं तुझं."

"आणि बाकीची?"

"बरीचशी बरोबर होती."

"म्हणजे मला येत होतं," ती म्हणाली. विचारत नव्हती. मी म्हणालो, "येत होतं, बेटा." मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, पुढच्या वर्षी आपण चांगला क्लास... तर तिनं फक्त मान हलवली, नाही अशी. बस आली. ती चढली आणि माझ्या बाजूची खिडकीची जागा रिकामी असूनही पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

घरी आलो. बायको शाळेत जायच्या तयारीत होती. तिलाही सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. तिनं घड्याळ मनगटावर बांधता बांधता थांबून ऐकून घेतलं.

"मला येत नाही, एवढे तीन शब्द होते," ती म्हणाली. "ते नाही निघाले तोंडातून?"

तिनं घड्याळ बांधलं, पर्स घेतली, दारापर्यंत गेली आणि चपला घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून तिला बसवर मी सोडत जाईन. तुम्ही थोडे दिवस नका जाऊ."