आईचे सोमवार

ताईला महिन्याकाठी बाटलीभर रक्त लागायचं आणि बहुतेक वेळा ते माझं असायचं. ती अकोल्याला आईजवळ राहून शाळेत शिकवायची. मी अमरावतीला कचेरीत होतो. शनिवारी बडनेऱ्याला येऊन पॅसेंजर धरायची, रक्त द्यायचं, परतायचं. गाडीत बसल्याबसल्या डोळा लागे. एकदा तर अकोला मागे टाकून पार शेगावला उतरलो. खरं सांगतो, मी कंटाळलो होतो. ताईला नव्हे, त्या गाडीला, दवाखान्यातल्या फिनेलच्या वासाला, तिच्या पांढऱ्या ओठांना.

डॉक्टरांनी तिच्या छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासला होता. रक्त तिथं तयार होतं, पण कच्चंच राहतं, अंगात खेळण्याआधीच मरतं, असं त्यांनी समजावलं. गोळ्या, इंजेक्शनं करून झाली होती. परदेशात एकाच्या हाडातला मगज दुसऱ्याला देऊन पाहताहेत, असं ते एकदा बोलता बोलता म्हणाले.

"मग माझा घ्या," मी लगेच म्हटलं.

"अजून तिकडंच धड जमत नाही हो," चष्मा पुसत ते म्हणाले. "बहुतेक माणसं दगावतात. आपण आपलं रक्त देत राहू."

पुढे मलाच चक्कर येऊ लागली आणि त्यांनी काही महिन्यांसाठी मला बाद केलं. आईचं रक्त ताईशी जुळलं. आई हरखली. पण बोटाला सुई टोचून पाहिलं तर तिच्याच अंगात रक्त नाही. असणार कुठून? ताई आजारी पडल्यापासून तिनं सोमवार धरला होता, मग गुरुवार, मग शनिवार, चतुर्थी-एकादशी होत्याच. लेकीच्या अंगात रक्त भरावं म्हणून ही बाई निम्मा आठवडा चहा-शेंगदाण्यावर काढत होती. मी भयंकर चिडलो.

"उपास सोडा," डॉक्टर तिला म्हणाले. "दोन्ही वेळ पोटभर जेवा. मी थांबा म्हणेपर्यंत."

"अन् देवानं राग धरला तं?"

"देवाचं मी पाहून घेईन," ताई खाटेवरून म्हणाली. "तू जेव."

त्या सोमवारी आई ताट घेऊन खाटेशी बसली. ज्वारीची भाकरी, वरण, जवसाची चटणी. एकेक घास पाण्याबरोबर गिळू लागली. ताई बघत राहिली. भाकरी संपल्यावर म्हणाली, "अजून अर्धी घे." तिला स्वतःला दोन घास जात नव्हते.

काही महिन्यांनी आईच्या अंगात रक्त भरलं, पण तिची एकच बाटली ताईला मिळाली. दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांवर जरा रंग आला, तर आईनं शेजारणींना बोलावून दाखवला. पुढची बाटली द्यायच्या आधीच ताप चढला आणि त्यात ताई गेली. उपास मोडले ते भोवले, असं त्याच शेजारणी ओसरीवर कुजबुजल्या. आईनं ऐकलं, मीही ऐकलं.

तेरावं झाल्यानंतरच्या सोमवारी आईनं भाकरी थापली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं. पुन्हा उपास धरले तर तिच्या मनाला बरं वाटेल, असं मला वाटलं.

"सोमवार धरायचा का आता?" मी विचारलं.

ती खाली मान घालून जेवत राहिली.

"डॉक्टरनं मले थांबा कुठं म्हटलं?"

मी तिच्या ताटात अजून अर्धी भाकरी वाढली.